मानेतली शिवण

११ जानेवारी

घुबडे,

पत्र माझं, अक्षर समोरच्या मास्तरीणबाईंचं. तेव्हा शुद्धलेखन नीट दिसलं म्हणून आजी सुधारली असा समज करून घेऊ नकोस. मी बोलते, त्या लिहितात. आमचं ठरलंय की मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मधे मधे "अहो, असं नाही म्हणत" करायचं नाही. बदल्यात मी त्यांच्या सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवून देतेय. एकेकाळी चाळीस बायकांवर मुकादमीण होते, आता उशांवर आहे. उशा उलट बोलत नाहीत एवढं बरं.

तीन वर्षांत तुझी एक ओळ नाही. मीही पाठवली नाही, कारण मला लिहिता येत नाही. मास्तरीणबाई तीन वर्षं समोरच राहतात, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

आता बातमी. सप्टेंबरपासून मला घास अडकतो. आधी कोरडा अडकायचा, मग उकडलेला बटाटा, आता मऊ भातसुद्धा छातीच्या मधोमध येऊन बसतो, उठायचं नाव घेत नाही. पाण्याने ढकलते. कधी जातो, कधी परत येतो. तुझ्या बापाने एकदा मला मोरीत वाकलेलं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वरात हॉस्पिटलात. तिथे तोंडातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेत मधल्या भागाच्या जरा खाली गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचंही उत्तर आलं. कॅन्सर. मास्तरीणबाई पेन थांबवून माझ्याकडे बघतायत. लिहा हो, शब्दच आहे, चावत नाही.

तुला कळवायचं नाही असा तुझ्या बापाचा हुकूम आहे. "ती त्या जगातून बाहेर पडलीय आई, तिला कशाला परत ओढायची." म्हणून कळवतेय.

आणि दुर्बीण कोणाच्या हातात होती, सांगू? तुझ्या सरांच्या. तेच ते उंचाडे, प्रत्येक दार आपल्याला ठेंगणं पडणार अशा बेताने वाकून चालणारे. तू चार वर्षं ज्यांच्या हाताखाली होतीस ते. मला ओळखलं त्यांनी. तपासून झाल्यावर हातमोजे काढता काढता विचारलं, "ती कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत. विम्याच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या ऑपरेशनचे कागद तपासते." त्यांनी हातमोजे दोनदा टाकले, एकदा डब्याबाहेर आणि एकदा आत.

त्या दिवशी जेवताना मी जे बोलले ते बोलले. त्याबद्दल या पत्रात काही नाही. उगाच ओळींच्या मधे शोधत बसू नकोस.

खाली अंगठा उठवलाय. माझाच आहे.

आजी


२ मार्च

घुबडे,

उत्तर आलं नाही. पोस्टमन यायच्या वेळी तुझा बाप हल्ली जिन्यात उभा असतो, म्हणजे त्याला वास लागलाय. मी म्हटलं, "मला कोण पत्र लिहिणार? आणि लिहिलं तर वाचणार कोण?" तो गप्प. तुझ्या बापाला गप्प करणं सोपं आहे. तुला बोलतं करणं अवघड.

पाच आठवडे किरणं झाली, सोबत सलाइनमधून औषध. केस विरळ झाले, जिभेचा पत्रा झाला, कपडे अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले. मीच बसून सगळ्यांना आतून टीप घातली. गाठ मात्र निम्मी झाली म्हणतात. घास जरा उतरतो.

आता पुढे ऑपरेशन. तुझ्या बापाचं म्हणणं, या वयात नको. मी विचारलं, "मग कोणत्या वयात?" मग आम्ही दोघं तुझ्या सरांपुढे जाऊन बसलो.

मला अक्षर कळत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी चित्र काढलं. अन्ननलिका जवळजवळ सगळी काढायची. मग मोकळ्या जागी काय? तर जठर. जठराची पिशवी एका बाजूने कापत, कापलेल्या कडेला बारीक पिना मारत जायचं आणि तिची लांब, अरुंद नळी करायची. ती नळी छातीतून वर ओढायची आणि मानेत जे टोक उरलंय त्याला शिवायची. मी म्हटलं, "म्हणजे खिशाचं कापड काढून बाही करायची." ते म्हणाले, "हो. तसंच."

मला माणूस आवडला.

पूर्वी यासाठी छाती मोठी उघडायचे, बरगड्या फाकवायचे. आता उजव्या कुशीत बोटाएवढी भोकं. मला जवळजवळ पालथं निजवणार, एका फुप्फुसाची हवा काढून त्याला बाजूला बसवणार, आणि त्या भोकांतून यंत्राचे चार बारीक हात आत. सर स्वतः खोलीच्या कोपऱ्यात एका पेटीत डोकं घालून बसणार.

"म्हणजे तुम्ही मला हातसुद्धा लावणार नाही?"

"माझे हात यंत्रात, यंत्राचे हात तुमच्यात."

"घरी बायकोशीही असंच बोलता का?"

तिथली नर्स तोंडाला कागद लावून हसली. तुझा बाप जमिनीत जागा शोधत होता. मी सरांना सांगितलं, यंत्र बघितल्याशिवाय अंगठा देणार नाही. तुझा बाप म्हणाला, "आई, हे काय दुकान आहे का, दाखवा म्हणायला?" सर म्हणाले, "चला."

शिकाऊ लोकांची खोली आहे तिथे नेलं. ती तुला माहीत आहे, मला नवी होती. एक खुर्ची, पुढे कपाळ टेकवायला गादी, दोन भोकांतून डोळे लावायचे. आत एवढं मोठं आणि खोल दिसतं की मी मागे सरले. समोर चिरलेलं रबर, कापलेल्या नखाएवढी वाकडी सुई. अंगठ्यात आणि बोटात चिमटे अडकवायचे. आपण बोटं हलवली की आत ते दोन हात हलतात.

सर म्हणाले, "इथे बसून मुलं दोन-दोन महिने सराव करतात." मी म्हटलं, "मी पन्नास वर्षं केलाय."

आणि जमलं गं. सुई पहिल्याच झटक्यात धरली. मनगट वळवून आत घातली, पलीकडून काढली. दुसरा टाका त्याच्या शेजारी, समान अंतरावर. सर मागे उभे होते, त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग तिसरा. तिसऱ्याला दोरा आवळायला गेले.

आजवर दोरा मला सांगत आलाय. बस म्हणतो. इथे, पहिल्या बोटाच्या पेराला सांगतो. किती ताणला, कापड किती सोसेल, हे मी कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही. तिथे मी ताणला आणि बोटाला काही कळेना. अजून ताणला. काहीच नाही. मी वाट बघत राहिले, आणि दोऱ्याने समोरचं रबर सुरीसारखं कापलं.

मी डोकं बाहेर काढलं आणि माझे हात बघितले. दुसऱ्या कोणाचे आणून लावल्यासारखे वाटले.

"यंत्राला ताण कळत नाही," सर म्हणाले. "म्हणजे आपल्याला कळत नाही. डोळ्यांनी ओळखायचा. कड पांढरी पडायला लागली की थांबायचं."

"हे यायला किती दिवस लागतात?"

"मला आठ आठवडे लागले. तुमच्या नातीला तीन."

घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. तुझा बाप एवढा घाबरला की वाटेत त्याने दोनदा माझी नाडी बघितली. चुकीच्या जागी.

आजी


२७ मार्च

घुबडे,

आलं तुझं पत्र. मास्तरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा कुठे काही राहिलंय का बघायला. राहिलं नव्हतं. "आजी, सत्तरीपुढे शक्यतो या ऑपरेशनला जाऊ नये. दहातल्या एका-दोघांचा जोड गळतो. फुप्फुसाचा त्रास तिघांत एकाला. किरणांनी गाठ पूर्ण गेली असेल तर नुसतं लक्ष ठेवता येतं, सरांना विचार. मी तुझ्या जागी असते तर करून घेतलं नसतं. काळजी घे." पहिल्या ओळीत आजी, शेवटच्या ओळीत काळजी, मधे सगळी कचेरी.

सरांना विचारलं. गाठ पूर्ण गेलेली नाही, पुन्हा दुर्बीण घालून बघितलं. तेव्हा नुसतं लक्ष ठेवायचं तर काय, मी हळूहळू उपाशी मरतेय यावर लक्ष ठेवायचं. आणि तू माझ्या जागी नाहीस. तू खुर्चीत आहेस.

तुझं पत्र तुझ्या बापाच्याच हाती पडलं. आता त्याला सगळं कळलंय आणि तो पत्र खिशात घालून फिरतो. "बघ, डॉक्टर आहे ती, तीपण नको म्हणतेय." मी म्हटलं, "ती डॉक्टर होती. परत झाली की तिचं ऐकेन."

आता मास्तरीणबाईंना चहा दिलाय, कारण पुढचं लांब आहे.

आमच्या कारखान्यात जाड कॅनव्हासच्या पाण्याच्या पिशव्या शिवायचो हे तुला माहीत आहे. लहानपणी माझ्या सुयांत दोरा तूच ओवून द्यायचीस. पिशवी शिवून झाली की भरून टांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ओल दिसली की जिने शिवली तिच्या नावापुढे फळ्यावर खडूची रेघ. तीन रेघा झाल्या की घरी. सबब चालायची नाही. हा नियम मालकाचा नव्हता, मी केला होता. त्यावर मी मुकादमीण झाले.

एक डावखुरी होती. उलट्या हाताने शिवायची, सगळ्यांत सुरेख. एका आठवड्यात तिच्या तीन पिशव्या गळल्या. मी रेघा मारल्या. ती म्हणाली, "बाई, एकदा कापड बघा." मी म्हटलं, "शिवण उसवली की शिवणारणीचा हात बघायचा." ती गेली. आठ दिवसांनी त्याच गठ्ठ्यातली माझी पिशवी गळली. मी ती उजेडात धरली. टाके जसेच्या तसे, एकही हललेला नाही. टाक्याशेजारचं कापड चिमटीत धरलं तर त्याचा भुगा झाला. गठ्ठा ओल्या भिंतीला लागून पडलेला होता. मी गुपचूप गठ्ठा बदलायला लावला. माझ्या नावापुढे रेघ मारली नाही. डावखुरीला परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तर नियम मोडला असता, आणि माझी खुर्ची त्या नियमावर होती.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मास्तरीणबाई, तुम्ही पण ऐकलं नाही असं धरा.

आता तुझं. तो घड्याळजी, ज्याचा जोड तू छातीत शिवला होतास, सर शेजारी उभे आणि यंत्रावर तू, तो बाराव्या दिवशी गेला. चौदाव्या दिवशी तू घरी आलीस. ताटावर बसलीस. तुझा बाप म्हणाला, असं होतं कधी कधी. आणि मी म्हणाले, "शिवण उसवली की शिवणारणीचा हात बघायचा." तेच वाक्य, जसंच्या तसं. तू उठलीस, हात धुतलेस, आठवड्याच्या आत गाव सोडलंस.

मला कापडाचं माहीत होतं. माहीत असून बोलले. लिहा, मास्तरीणबाई, "माहीत असून". खाली रेघ मारा.

का बोलले? तू रडली नाहीस म्हणून. मला वाटलं तुला लागलंच नाही.

परवा सरांना विचारलं, जोड का गळतो. ते म्हणाले, वर ओढलेल्या नळीचं टोक रक्तापासून सगळ्यांत लांब असतं. शिरेतून हिरवा रंग सोडतात आणि यंत्राच्या डोळ्याने बघतात, कुठपर्यंत चमकतं. जिथे चमक थांबते तिथे कापतात. तरी उरलेलं सगळं जगेलच असं नाही. "शिवण शाबूत असते, कड मरते." मी विचारलं, "घड्याळजीच्या वेळी काय झालं होतं?" ते म्हणाले, "त्या माणसाबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही." बरोबर आहे. मीही नसते बोलले.

माफी मागायची माझी पद्धत नाही, आणि या वयात नवी पद्धत शिकायला वेळ नाही. चोवीस एप्रिलला ऑपरेशन. मी अंगठा दिलाय. दोनदा द्यावा लागला, सुईने घासून घासून रेषा गेल्यात, नुसता काळा डाग उमटतो. तिथला कारकून म्हणाला, "आजी, हा कोणाचाही असू शकतो." मी म्हटलं, "मग कोणाचंही करा ऑपरेशन. मी टेबलावर असेन."

आजी


३ मे

घुबडे,

हे पत्र मास्तरीणबाई माझ्या तोंडाला कान लावून लिहितायत. आवाजाची नस दुखावलीय, हवा तेवढी बाहेर पडते. येईल म्हणतात परत. मास्तरीणबाई म्हणतात, माझं हे रूप त्यांना जास्त आवडतं.

ऑपरेशन झालं. साडेसात तास. आधी छाती, मग उताणी करून पोट, मग मान. जाग आली तेव्हा नाकात एक नळी, कुशीत एक, मानेत एक, आणि एक पोटातून थेट आतड्यात, तिच्यातून जेवण. तोंडाने थेंब नाही. मी भोकं मोजली. उजव्या कुशीत पाच, पोटावर सहा. काजं केल्यासारखी नीटस. अकरा बटणं लावली तर मला पुढून बंद करता येईल.

तिसऱ्या दिवशी चालवलं. सहा दिवस सगळं ठीक. सातव्या दिवशी ताप आला, मान लाल झाली, गरम झाली. सर आले. खाटेशीच मानेवरचे दोन टाके सोडले. चादरीवर गढूळ लाळ वाहिली. माझीच, गिळलेली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी ताटावर तुझं जसं होतं तसं होतं.

"गळतंय ना?" मी हवेने म्हटलं.

"हो."

"टाका कोणाचा?"

"माझा. मानेतला जोड हातानेच घालतो, तिथे यंत्र नसतं."

"म्हणजे ताण कळत होता."

"कळत होता."

"आणि तो हिरवा रंग?"

"टोकापर्यंत चमकला होता. व्हिडिओ आहे. दाखवू?"

"माझं पोट मी कशाला बघू. मग गळला का?"

ते खुर्ची ओढून बसले. एवढा उंच माणूस बसला की बरा दिसतो. म्हणाले, "माहीत नाही. सगळं जसं करायचं तसं केलं. तरी गळला."

"आता तुम्ही काय करणार? विम्याच्या कचेरीत जाणार?"

ते म्हणाले, "उद्या सकाळी एक केस आहे."

"अशीच?"

"अशीच."

"मग जा. माझ्या मानेकडे बघून काय तयारी होणार आहे."

गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती केस केली. संध्याकाळी परत माझी जखम धुवायला आले, तेव्हा त्यांच्या कपाळावर त्या गादीचा वळ होता.

आता नीट ऐक, माझी हवा संपत आलीय. मानेतला जोड गळला तर बाहेर वाहतो, म्हणून धुता येतो. छातीत गळला तर आत साठतो. तुझा घड्याळजी छातीतला होता. माझं काय होईल ते अजून कोणी सांगत नाही. ताप उतरलेला नाही. तुझा बाप बाहेर बाकावर बसून रडतो, मग तोंड धुऊन आत येतो आणि मला म्हणतो, छान दिसतेस. मी मेले तर तो म्हणेल, "मुलगी नको म्हणाली होती." म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मी माझ्या अंगठ्याने टेबलावर चढले. मी मेले तर माझ्या नावाने कोणाच्याही फळ्यावर रेघ मारायची नाही. सरांच्या नाही, तुझ्या नाही. माझ्या मरणावर कोणी आपली नोकरी सोडलेली मी खपवून घेणार नाही.

आणि मी चुकले होते. त्या दिवशी. डावखुरीच्या वेळीही, पण तिचा पत्ता माझ्याकडे नाही, तुझा आहे. मास्तरीणबाई विचारतायत, हे ठळक लिहू का. नको. बाकीच्यासारखंच लिहा.

आजी


२२ मे

घुबडे,

जिवंत आहे. आवाज अर्धा आलाय, तो तुझ्या बापाला पुरतो.

ताप नवव्या दिवशीच उतरला, ते पत्र टपालात पडलं त्याच दिवशी. एवढं मरणाचं बोलून ठेवलं आणि काही झालं नाही. मग रोज दोनदा मान धुणं, पट्टी बदलणं, पोटातल्या नळीतून तो पांढरा रस. पट्टी आधी चिंब निघायची, मग ओली, मग दमट. गेल्या शुक्रवारी कोरडी निघाली. सरांनी एक पांढरं पाणी पाजून फोटो काढला. सगळं खाली गेलं. मानेत काही सांडलं नाही. दुपारी मला दोन चमचे मऊ भात मिळाला. मी तो एवढा सावकाश खाल्ला की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "आजी, गिळा आता, मला ताण येतोय."

आता आयुष्यभर थोडं थोडं, दिवसातून आठ वेळा खायचं. आणि झोपायचं उशीचा डोंगर करून, नाहीतर खाल्लेलं वर येतं. मास्तरीणबाईंच्या अभ्र्यांतले चार मी परत मागून घेतलेत.

आता तुझी चोरी. काल पट्टी सोडताना नर्स म्हणाली, "आज तुमच्या नातीला काय सांगू? कोरडंच आहे." मी म्हटलं, "कोणत्या नातीला?" ती बोलून चुकली. सात तारखेपासून रोज संध्याकाळी पाचला तुझा वॉर्डात फोन. पट्टी किती भिजली, रंग काय, वास आहे का, ताप किती, खोकला आहे का. नर्स म्हणते, सुरुवातीला तिला वाटलं दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या बाई आहेत, एवढं नेमकं विचारतात. एकदा म्हणे तू सांगितलंस, जखमेच्या खालच्या कोपऱ्यात कापडाचा बोळा जरा सैल ठेवा, आवळून भरू नका. तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, बरोबर आहे, तसंच करा. मला पत्र लिहायला तुझा हात उठत नाही आणि माझ्या मानेतला बोळा तिथे बसून सैल करतेस.

मी नर्सला म्हटलं, "माझी नात विम्यात आहे, तिला काय कळतंय." नर्स म्हणाली, "विम्यातल्या बाईला हे कळत नसतं हो." तिचं तोंड लहान आहे पण बोलते चांगलं.

तुझं पत्र आज सकाळी आलं. "सोमवारी येते. दोन दिवसांची रजा मिळालीय. तुला बघायला." मास्तरीणबाईंनी वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, थांबा, आधी उत्तर लिहा.

मला बघायला येऊ नकोस. बघण्यासारखं आता माझ्यात फार उरलेलं नाही, आणि जे आहे ते तुझा बाप बसून दिवसभर बघतो.

सोमवारी सर एका सुताराचं ऑपरेशन करणार आहेत. माझ्यासारखंच, पण त्याचा जोड छातीत असेल. टेबलाशेजारी उभं राहून यंत्राच्या हातांतली अवजारं बदलणारी त्यांच्या हाताखालची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. मी सरांना विचारलं, जागा भरली का. ते म्हणाले, दुसऱ्या युनिटमधून उसनं माणूस घेतोय. मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे. त्यांनी माझा तक्ता उचलला आणि परत ठेवला.

मग म्हणाले, "लगेच यंत्रावर बसता येणार नाही. आधी नुसतं उभं राहायचं. मग सरावाच्या खोलीत पुन्हा पहिल्यापासून. कितीतरी महिने. आणि परवानगीचे कागद मला आजच पुढे पाठवावे लागतील."

"पाठवा."

"ती हो म्हणाली आहे का?"

"मी तिला विचारत नाहीये."

"तुम्ही तिच्या वतीने कसं सांगू शकता?"

"मी कुठे सांगतेय. तुम्ही कागद पाठवा. ती आली नाही तर उसनं माणूस आहेच."

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. कागद गेलेत. तुला नको असेल तर सोमवारी त्यांच्या तोंडावर नको म्हण. मला पत्रातून म्हणू नकोस, मला वाचता येत नाही.

सुतार परवा माझ्या खाटेपाशी आला होता. सरांनीच पाठवला, ज्याचं झालंय त्याच्याशी बोला म्हणून. घाबरलाय. हात सारखे खिशात घालतो आणि काढतो. त्याने विचारलं, "आजी, तुमचा जोड गळला होता म्हणे?" मी म्हटलं, "गळला. दोन आठवडे गळत होता. दुपारी भात खाल्ला." त्याने विचारलं, "माझा गळेल?" मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, "गळेल किंवा नाही गळणार. पण तिथे जे उभे असतील त्यांना गळणं म्हणजे काय ते माहीत आहे." जाताना माझ्या खाटेचा डुगडुगणारा पाय बघून खाली पुठ्ठ्याची घडी घालून गेला.

तू इथे असशील असं मी त्याला सांगितलेलं नाही. तेवढं तुझ्यावर सोडलंय.

तर सोमवारी साडेसातला. दाराशी तुझा बाप असेल. त्याच्याशी बोलत थांबू नकोस, तो रडेल आणि तुला उशीर होईल. मी तिसऱ्या मजल्यावर आहे, मला मंगळवारी सोडणार, तोवर कुठे जात नाही. संध्याकाळी सगळं आटोपलं की वर ये, तेव्हा बोलू. सुताराचं काय झालं ते आधी सांग, मग बाकीचं.

सकाळी वर येऊ नकोस. सरळ आत जा आणि हात धू.

आजी